बाराखडी की अक्षरगट? पहिलीचा वर्ग घेणाऱ्यांसाठी

पहिलीचा वर्ग नव्याने हाती आलेल्या शिक्षकाला जून संपण्याआधीच ठरवावे लागते की, वाचन मुळाक्षरे आणि बाराखडीच्या क्रमाने शिकवायचे की अक्षरगटांनी, म्हणजे एका वेळी थोडी अक्षरे घेऊन त्यांचेच शब्द वाचत. प्रशिक्षणातून येणाऱ्या पुस्तिका अक्षरगटांकडे झुकलेल्या आहेत. वर्गाची भिंत, गावातले पालक आणि आपले स्वतःचे बालपण मात्र बाराखडीच्या बाजूने उभे असते. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली सहा वर्षे बाराखडीने शिकवले आणि त्यानंतर अक्षरगटांकडे वळलो. त्यामुळे पुढचे मत तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

बाराखडीची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. क-वर्गापासून प-वर्गापर्यंतची मांडणी उच्चारस्थानांनुसार झाली आहे आणि पुढे शब्दकोश पाहताना तोच क्रम कामी येतो. शिवाय ती शिकवायला प्रशिक्षण लागत नाही, हा तिचा व्यवहारातला सर्वांत मोठा गुण. निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामासाठी शिक्षक आठवडाभर वर्गाबाहेर गेला, तरी चौथीतली ताई किंवा घरातली आजी ती पुढे चालू ठेवू शकते. अक्षरगटांच्या बाबतीत हे सुख नाही.

माझे मत फिरले ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. दिवाळीनंतर माझ्या वर्गात बाराखडी घडाघडा म्हणणारी मुले पुष्कळ असत. परंतु ‘पेरू’ हा शब्द फळ्यावर लिहिला, की ती बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून ‘प, पा, पि, पी, पु, पू, पे’ असे मोजू लागत आणि मग ‘र, रा, रि, री, रु, रू’. दोन अक्षरांच्या शब्दासाठी तेरा उच्चार झाल्यावर ‘रू’ हाती लागे, तोवर ‘पे’ विसरलेला असे. एकदा तक्त्यावर तळहात ठेवून पाहिला, तर म्हणणे जराही न अडखळता पुढे चालू राहिले. मुले तक्ता वाचत नव्हती, पाढ्यासारखी म्हणत होती, आणि मधूनच एखादे अक्षर विचारले तर त्यांना ओळीच्या आरंभापासून धावत यावे लागत होते. व्यंजने 34 धरली तर बाराखडीचे 408 चौकोन होतात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून चौदाखडी केली तर 476. इतके चौकोन पाठ करणारे मूल मंद कसे म्हणावे? तरीही माझ्याच वर्गनोंदीत त्यांतल्या काहींपुढे ‘अप्रगत’ असा शेरा मी लिहिलेला आहे. जुलै 2021 मध्ये सुरू झालेल्या, पायाभूत वाचन आणि गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने दुसरीच्या मुलाकडून मिनिटाला 45 ते 60 शब्द वाचण्याची अपेक्षा ठेवली, तेव्हा हा मोजून वाचण्याचा खोळंबा सर्वांच्या नजरेत आला. मला तो आधीपासून टोचत होता.

अक्षरगटांत चार-पाच अक्षरे आणि एखादी मात्रा (काना, वेलांटी यांसारखे स्वरचिन्ह) एवढेच आधी घेतात आणि लगेच शब्द वाचायला देतात. म, क, ल, ब आणि काना एवढ्या सामग्रीवर ‘मामा’, ‘काका’, ‘लाल’, ‘कमल’, ‘मला’, ‘काम’, ‘बाक’, ‘बालक’ हे शब्द पहिल्या काही आठवड्यांतच वाचता येतात. काना कोणत्याही अक्षराला लागला तरी एकच काम करतो, हे मुलाला एकदा उमगले की ओळीच्या आरंभी परतण्याची गरज उरत नाही. दुसरा फायदा डोळ्यांचा आहे. वर्णमालेत ‘भ’ आणि ‘म’ शेजारी येतात, कारण दोन्ही ओठांवरचे आहेत. परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलाला ते सारखेच दिसतात. अक्षरगट पाडताना अशा जोड्या मुद्दाम दूर ठेवता येतात, तसेच ‘घ’ आणि ‘ध’ यांनाही.

अडचण आहे ती प्रशिक्षणाची, आणि ती लहान नाही. राज्यस्तरावरून जिल्हा, जिल्ह्यावरून तालुका आणि तेथून केंद्र (जवळपासच्या शाळांचा गट) अशी साखळी उतरत माझ्यापर्यंत जे पोहोचले, ते गटांची छापील यादी आणि एक दुपार. हीच अक्षरे एका गटात का, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही; परिणामी पहिल्या वर्षी मी ‘गट 1’ मुलांकडून तालासुरात पाठ करून घेतला, म्हणजे बाराखडीच, फक्त तोकडी. ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या ‘निष्ठा 3.0’ या शिक्षक-प्रशिक्षणाचे 12 अभ्यासक्रमही मी पूर्ण केले. त्यांतून संज्ञा स्पष्ट झाल्या, प्रमाणपत्र मिळाले, पण माझ्या वर्गातले मूल नेमके कोठे अडते हे पडद्याला दिसणार नव्हते. फरक पडला तो शेजारच्या केंद्रातील एका बाईंच्या वर्गात तीन शनिवार मागे बसून पाहिल्यावर. 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्य सरकारच्या कार्यक्रमाच्या काळात शेकडो शिक्षक साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधील (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील) शाळा पाहायला जात होते, त्याचे महत्त्व मला तेव्हा कळले. फलटणची प्रगत शिक्षण संस्था किंवा वाडा तालुक्यातील क्वेस्ट ही शिक्षणात काम करणारी संस्था यांचे काम पाहिले तरी हेच जाणवते, की तेथे शिक्षकाची सोबत दीर्घकाळ केली जाते.

म्हणून माझी सूचना थोडी अटींसह आहे. चार इयत्ता एकट्याने सांभाळणारा आणि वर्षभरात कोणाचाही वर्ग पाहण्याची सोय नसलेला शिक्षक बाराखडीनेच गेला, तर मी त्याला दोष देणार नाही; त्याने निदान मात्रा सुट्या शिकवाव्यात आणि तक्ता उलटसुलट क्रमाने विचारावा. परंतु जवळपास एखादा वर्ग पाहायला मिळत असेल आणि वर्षभर तोच वर्ग हाती राहणार असेल, तर अक्षरगटांची वाट मला अधिक फलदायी वाटते. पालकांची तक्रार येणारच: ‘गुरुजी, पोराला अजून बाराखडी येत नाही.’ मी त्यांना फेब्रुवारीपर्यंत थांबायला सांगतो. तोवर मुले वाचू लागलेली असतात आणि तेव्हा लावलेला तक्ता ती खरोखरच वाचतात.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून अजून नीट सुटलेली नाही. आमच्याकडील काही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, आणि मूल मध्येच दुसऱ्या शाळेत बसते. बाराखडी असती तर पुढच्या शिक्षकाला ती कोठूनही उचलता आली असती. मी शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे कार्ड) एक चिठ्ठी देऊन तिच्यावर ‘गट 3 पूर्ण’ असे लिहीत असे. एका वर्षी तिकडच्या गुरुजींचा फोन आला, की हा गट 3 म्हणजे काय. तेव्हापासून चिठ्ठीवर गटाचा क्रमांक नसतो. मुलाला वाचता येणारी अक्षरे, मात्रा आणि दहा शब्द असतात.