कुशीत की पाळण्यात? ठरवण्याआधी घरातले हात मोजा

माझी दोन मुलं दोन तऱ्हांनी वाढली. थोरला पहिले पाच महिने सांगलीला माझ्या माहेरी होता. धाकटी जन्मापासून पुण्यातल्या वाकडला, सातव्या मजल्यावर, जिथे दिवसभर ती आणि मी दोघीच. थोरल्याच्या वेळी मला पद्धत वगैरे काही ठाऊक नव्हतं. तो कुशीत झोपायचा, रडला की कुणीतरी उचलायचं, मागेल तेव्हा अंगावर प्यायचा, आणि आजी त्याला दोन्ही पायांवर बसवून 'श्शूऽऽ' करायची. धाकटीच्या वेळी मोबाइलवर वाचलं की याला 'अटॅचमेंट पेरेंटिंग' म्हणतात. आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बाळंतपण म्हण की."

तीच पद्धत मी धाकटीच्या वेळी मन लावून करायला गेले आणि अडीच महिन्यांत आडवी झाले. कारण समजायला वेळ लागला. सांगलीत आई, आजी, काकू, न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई आणि संध्याकाळी बाळाला घेऊन अंगणात फेऱ्या मारणारे बाबा होते. बाळ चोवीस तास कुणाच्या तरी अंगावर असायचं, पण माझ्या अंगावर पाजण्यापुरतं आणि रात्री. वाकडला ते सगळे तास माझ्या एकटीच्या वाट्याला आले. म्हणून आठव्या महिन्यातली एखादी मैत्रीण "जवळ ठेवू की एकटं झोपायची सवय लावू?" असं विचारते, तेव्हा मी आधी विचारते, घरात हात किती?

नावं कुठून आली

'अटॅचमेंट पेरेंटिंग' हा शब्द रुजवला अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ विल्यम सीअर्स आणि त्यांची पत्नी, परिचारिका मार्था सीअर्स यांनी. त्यांचं गाजलेलं पुस्तक 1993 चं. अंगावर पाजा, अंगाला बांधून फिरवा, जवळ झोपवा, रडण्यावर विश्वास ठेवा, अशी इंग्रजी 'बी' अक्षराने सुरू होणारी सात सूत्रं त्यांनी दिली. सातवं सूत्र 'बॅलन्स', म्हणजे समतोल. ते बहुतेक सगळे विसरतात. मीही विसरले होते.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतलेच डॉक्टर, मुलांच्या झोपेचे तज्ज्ञ रिचर्ड फर्बर. 1985 च्या त्यांच्या पुस्तकापासून त्यांच्या नावावर 'बाळाला रडू द्या' ही पद्धत चिकटली आहे, आणि ते काहीसं अन्यायाचं आहे. दार लावून निघून जा, असं ते सांगत नाहीत. बाळाला जागेपणी पाळण्यात ठेवायचं, रडलं तर ठरावीक वेळाने जाऊन धीर द्यायचा, आणि दर वेळी ती वेळ थोडी वाढवत न्यायची, असा तो क्रम आहे.

खरा घोळ तिसरीकडे आहे. बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस यांचं नातं कसं जुळतं हे सांगणारा जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांचा मानसशास्त्रातला 'अटॅचमेंट' सिद्धान्त आणि सीअर्स यांची सूत्रं एकच आहेत असं लोक धरून चालतात. 'जवळ झोपवलं नाही तर नातं घट्ट होणार नाही' ही भीती त्यातूनच येते. एन्सवर्थ यांनी 1954-55 मध्ये युगांडात, कंपालाजवळच्या गावांत घरोघरी जाऊन आया आणि बाळं पाहिली. त्यात एक गोष्ट पुढे आली, जी मला कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाची वाटते: जी आई आपल्या बाळाबद्दल बारीकसारीक सांगू शकायची, तिचं बाळ तिच्याशी निर्धास्त जोडलेलं असण्याची शक्यता जास्त होती. बाळ कुठे झोपतं यापेक्षा त्याच्या खुणा कुणाला कळतात, यावर भर होता. मुद्दाम सांगते, कारण पाळणा आणला म्हणून रात्री रडत बसलेल्या दोन आया माझ्या ओळखीत आहेत.

झोप

इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून इथे जरा थांबू.

कुशीत झोपवण्याचा फायदा अंगावर पाजणाऱ्या बाईला सांगावा लागत नाही. दिवा लावायचा नाही, उठायचं नाही, अर्धवट झोपेत पाजता येतं. पण अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2022 ची शिफारस स्पष्ट आहे: बाळ निदान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत असावं, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, कडक अंथरुणावर, आणि उताणं. स्तनपानाचं काम करणारे डॉक्टर इतके ताठर नाहीत. धोके टाळले असतील तर सरसकट मनाई नको, आईशी मोकळेपणाने बोला, असा त्यांचा सूर असतो.

धोके कुठले, याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, कुणी दारू किंवा गुंगीचं औषध घेतलं असेल, बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर कुशीत झोपवणं नको. सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढणं तर सगळ्यात वाईट. मला हे ठाऊक नव्हतं. 'पलंगावर धोका आहे' असं वाचून मी पाजायला सोफ्यावर जाऊन बसायचे आणि तिथेच मान टाकायचे. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आपल्या घरातली जमिनीवरची कापसाची गादी या बाबतीत बरी. ती कडक असते आणि पडायची भीती नसते. पण त्याच गादीवर आजीची मोहरीची उशी असते. डोकं गोल व्हावं म्हणून मोहऱ्या भरून शिवलेली ती छोटी उशी माझ्या बाळंतविड्यातही आली होती. झोपेत बाळाजवळ उशी नको, मोहरीची असो की फोमची. गोधडीचे थरही नकोत. आणि साडीची झोळी? जागेपणी, नजरेसमोर, दहा मिनिटं झोका द्यायला सुरेख. पण तीत बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते, म्हणून झोप लागली की उचलून सपाट जागी ठेवायचं. ऊसतोडीच्या फडाशेजारी झाडाला बांधलेली झोळी आपण कौतुकाने पाहतो. त्या बाईला दुसरा पर्याय असता तर तिने ती बांधली असती का, हा प्रश्न मनात येतोच.

आम्ही शेवटी मधला मार्ग काढला. पाळण्याची एक बाजू काढून तो पलंगाला घट्ट बांधला. मध्ये फट राहत नाही ना, हे नवरा रोज हात घालून बघायचा. हात लांबवला की बाळ, पण अंथरूण तिचं तिचं. न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या वहिनीलाही हेच सुचवलं. तिच्याकडे सासूबाई सहा महिन्यांसाठी गेल्या होत्या, आणि पहिल्या दिवसापासून बाळाची वेगळी खोली पाहून त्यांचा जीव अर्धा झाला होता. तिच्या डॉक्टरांनीही पाळणा आईच्याच खोलीत हलवायला सांगितलं. सासूबाईंच्या मते ही त्यांची जीत होती.

रडणं

"जरा रडू दे, फुप्फुसं मोकळी होतात." हे वाक्य मी तीन पिढ्यांकडून ऐकलंय आणि ते खरं नाही. "उचललंस तर हाताची सवय लागेल" हे दुसरं. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाला उचलून लाडावता येत नाही. त्या वयात रडणं ही त्याची एकच भाषा असते, आणि साधारण सहाव्या आठवड्यात ते शिगेला पोचतं, मग हळूहळू उतरतं. माँट्रियलमध्ये हुन्झिकर आणि बार या संशोधकांनी 1986 मध्ये दाखवलं की रोज जास्त वेळ कडेवर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात 43 टक्के कमी रडत होती. पण पोटदुखीने कळवळून रडणाऱ्या बाळांवर पुढे हाच प्रयोग झाला, तेव्हा असा फरक दिसला नाही. म्हणजे घेऊनही बाळ रडत असेल तर तुमचं काही चुकतंय असं नाही.

सवय लावण्याचा विचार करायचा तो सहा महिन्यांनंतर. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात सात-आठ महिन्यांच्या, झोपेचा त्रास असलेल्या बाळांच्या आईवडिलांना दोन रीती शिकवल्या होत्या: थोड्या थोड्या वेळाने जाऊन धीर देणं, किंवा शेजारी खुर्ची टाकून बसणं आणि ती रोज थोडी मागे सरकवणं. ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, आणि 2012 मध्ये निष्कर्ष आला. भावना, वागणूक, आईवडिलांशी नातं, कशातही नुकसान दिसलं नाही. पण खास फायदाही टिकला नव्हता. म्हणजे सवय लावलीत तर बाळाचं मन मोडत नाही, आणि नाही लावलीत तर ते बिघडत नाही. मग प्रश्न उरतो आईच्या झोपेचा, आणि तो लहान नाही. मी आठव्या महिन्यात खुर्चीची रीत केली. नऊ दिवस लागले. माझ्या जावेला दोन रात्रींतच ते सहन झालं नाही आणि तिने सोडून दिलं. दोघींचीही मुलं आता रात्रभर झोपतात.

आई सारखी रडत असेल, बाळाकडे बघवत नसेल, झोपायला वेळ मिळूनही झोप येत नसेल, तर पद्धतीचा वाद बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे.

पाजणं, बांधणं, लंगोट

पाजण्यात फारशी तुलना उरत नाही. घड्याळ लावून पाजण्याची फॅशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूझीलंडच्या ट्रूबी किंग यांच्यासारख्या डॉक्टरांनी पसरवली. माझ्या आईलाही 'दर तीन तासांनी' असंच सांगितलं होतं. आता सहा महिने फक्त आईचं दूध, तेही मागेल तेव्हा, आणि वरचं खाणं सुरू झाल्यावर दोन वर्षं किंवा पुढेही चालू, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे इथे आजी बरोबर होती. फक्त गुटी, पाणी आणि मध यांत ती चूक होती. मध तर वर्षाच्या आत नकोच. कुणाला दूध येत नसेल किंवा पाजणं जमत नसेल तर बाटलीने नातं तुटत नाही. अंगावरचं कधी तोडायचं हे आईने ठरवावं, कोरफड लावून की लाडीगोडीने, हेही तिनेच.

अंगाला बांधायचं असेल तर नाक-तोंड मोकळं, हनुवटी छातीपासून वर, आणि गुडघे ढुंगणापेक्षा उंच. पाय सरळ करून घट्ट गुंडाळणं खुब्याला वाईट, दुपट्यात गुंडाळतानाही.

'श्शूऽऽ' करून बसवण्याला तिकडे 'एलिमिनेशन कम्युनिकेशन' असं भारदस्त नाव आहे. घरी आजी असेल तर जमतं. एकटीने केलंत तर दिवसभर फरशी पुसत बसाल. दिवसा लंगोट, रात्री डायपर. मला कुणी बोल लावला नाही.

आणि 'नैसर्गिक'च्या गाठोड्यात कुणी 'लस नको' हेही बांधून देत असेल, तर ते गाठोडं तिथेच ठेवा. 2022 च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या बाजूला, गोवरची साथ आली होती आणि त्यात मुलं दगावली.

सव्वीस आठवड्यांनंतर

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, तीही कायदा लागू असलेल्या ठिकाणी. खासगी नोकरीतल्या बापासाठी असा कायदा नाही. रायगडावरच्या हिरकणीच्या नावाने एसटी स्टँडवर पाजण्याच्या खोल्या झाल्या हे चांगलंच, पण रोज कडा उतरणाऱ्या बाईला सोबत कोण, हे त्यातून सुटत नाही. म्हणून बाळ पोटात असतानाच बापाचे तास ठरवून घ्या. आमच्याकडे रात्री दहा ते दोन तो, दोन ते सहा मी. काढून ठेवलेलं दूध तो पाजायचा. पहिले चार दिवस धाकटीने बाटली तोंडात घेतली नाही, पाचव्या दिवशी घेतली.

पाळणाघर शोधताना मी दोन ठिकाणी गेले. एकीकडे कॅमेरे होते, भिंतीवर तक्ता होता, कोण किती वाजता प्यायलं, किती वाजता झोपलं, सगळं लिहिलेलं. मी तिथल्या ताईंना म्हटलं, यातल्या एखाद्या मुलाबद्दल सांगा ना. त्यांनी तक्ता वाचून दाखवला. दुसरीकडे तळमजल्यावरचा जुना फ्लॅट, एक मावशी, पाच मुलं. तोच प्रश्न विचारला. मावशींनी मांडीवरच्या पोराकडे बोट केलं. "हा ना, डावा कान ओढायला लागला की झोप आली समजायचं. उजवा ओढला तर भूक. आणि पंखा बंद केलात तर उठणारच." त्या बोलत असताना पोराने डावा कान धरला.

दुसऱ्या सोमवारपासून धाकटी तिथे जायला लागली.