नमुना न मागता प्रमाणपत्र देणाऱ्याला आम्ही ९,८५० डॉलर मोजले

मोजून ९,८५० डॉलर गेले. ४,९०० आगाऊ, ३,२०० "रिपोर्ट तयार आहे" म्हणाल्यावर आणि १,७५० "सरकारी फी" म्हणून. लिहायलाही लाज वाटते, पण उद्या या प्रमाणपत्रं मिळवून देणाऱ्या एजंटच्या जाळ्यात दुसरं कोणी सापडू नये.

आम्ही वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट बनवतो. अमेरिकेत विकायला एफसीसीची (तिथल्या दूरसंचार नियामकाची) मंजुरी, युरोपात सीई (तिथले नियम पाळल्याची खूण), त्याला पर्याय नाही. लॅब दोन महिने म्हणत होती, हा एजंट तीन आठवडे. पहिली मोठी ऑर्डर हातात, ग्राहकाचा रोज फोन. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं.

पण एक गोष्ट अजून झोपू देत नाही. त्याने नमुनाच मागितला नाही! खरी लॅब आधी यंत्र मागते, वर एकाच चॅनेलवर सतत सिग्नल सोडत राहील असं फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) मागते. हा म्हणाला, "फोटो आणि सर्किट डायग्राम पुरे." ते फर्मवेअर लिहायला आमच्याकडे माणूस मोकळा नव्हता, त्यामुळे मला उलट हायसं वाटलं. फोन तिथेच ठेवायला हवा होता.

रिपोर्ट आला. फोटोतल्या यंत्राला दोन अँटेना, आमच्याला चार. म्हणे, फोटो प्रातिनिधिक असतो. एफसीसी आयडीची, म्हणजे मंजूर यंत्राच्या नंबरची, सुरुवातीची अक्षरं कंपनीची असतात. एफसीसीच्या साइटवर फुकट शोधता येतात. शोधा, पैसे देण्याआधी शोधा. मी शोधलं तर नाव भलत्याच कंपनीचं. उत्तर तयार होतं: "मॉड्यूलचा (आत बसवलेल्या तयार, मंजूर रेडिओ भागाचा) आयडी चालतो." चालतो, पण आत ते मॉड्यूल असेल तर! आमची चिप थेट बोर्डावर आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरीही १,७५० पाठवले.

सीईच्या कागदावरचा तपासणी संस्थेचा चार आकडी नंबर खरा होता. पण युरोपीय आयोगाच्या नँडो यादीत (अशा मान्य संस्थांच्या यादीत) ती संस्था रेडिओ उपकरणांसाठी नाहीच. आणि ईएन ३०० ३२८ सारखी लागू असलेली सगळी सुसंगत मानकं (आयोगाने मान्य केलेले तांत्रिक निकष) पूर्ण पाळली, तर २०१४/५३ या युरोपीय रेडिओ निर्देशाखाली उत्पादकाला स्वतःच घोषणापत्र देता येतं. म्हणजे तो शिक्का विकत घ्यायची मुळात गरजच नव्हती.

६०० नग बंदरात अडकले. गोदामभाडं १,१३० युरो. पोलीस म्हणाले, हा व्यवहारातला वाद, दिवाणी कोर्टात जा. सायबरवाल्यांनी खातं परदेशातलं म्हणून हात वर केले. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. माल अडवणाऱ्या कार्यालयाला बनावट कागदांबद्दल तीन पत्रं लिहिली. उत्तर एका ओळीचं, तांत्रिक फाइल सादर करा. अहो, फाइलच खोटी आहे हेच तर सांगतोय! खोटी कागदपत्रं छापणाऱ्याला एकाही कार्यालयाने साधा फोन केला नाही. पोचपावती मात्र प्रत्येकाने दिली.

शेवटी खऱ्या लॅबमध्ये यंत्र दिलं. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारचा सिग्नल आला की वायफाय यंत्राने तो चॅनेल सोडायचा असतो. आमच्या यंत्राने तो सोडला नाही. एजंटच्या रिपोर्टमध्ये त्याच चाचणीपुढे "उत्तीर्ण" छापलेलं आहे.