सुपरवॉश मेरिनो सांगून क्लोरीनने जाळलेली लोकर गळ्यात मारली

एकूण ३८,९५० रुपये गेले. लोकरीचे २५,८००, ट्रान्सपोर्टचे ८४०, रंगांचे २,९६० आणि गिऱ्हाइकांना परत केलेले ९,३५०. लुधियानाच्या एका व्यापाऱ्याने सुपरवॉश मेरिनोच्या (मेरिनो मेंढीची मऊ लोकर, धुतली तरी आटू नये अशी केलेली) नावाखाली हा गंडा घातला. विणकाम-रंगकाम करणाऱ्या आणखी कुणाला त्याने गाठू नये म्हणून लिहितेय.

तऱ्हा जुनीच. नमुन्याची लडी अस्सल, आणि पैसे भरल्यावर आलेला १२ किलो माल भलताच. दर किलोला २,१५०. स्वस्ताला भुलले असं कुणी म्हणू नये, चांगल्या मालाचाच भाव मोजला होता. नमुन्याची लडी कधीही संपवू नका, पुरावा म्हणून तेवढीच हातात राहते.

गोणी उघडताच क्लोरीनचा वास आला, पोहण्याच्या तलावावर येतो तसा. फोन लावला. “दीदी, सुपरवॉश है, थोड़ी स्मेल तो आएगी.” उत्तर पटण्यासारखंच होतं, कारण सुपरवॉशला बहुधा क्लोरीन वापरतातच. लोकरीच्या तंतूवर खवले असतात, ते एकमेकांत अडकले की कपडा आटतो. क्लोरीनने ते खवले बोथट करतात आणि वर रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, पातळ थर चढवतात. या माणसाने रेझिनचा खर्च वाचवला आणि क्लोरीन बेसुमार मारला.

रंगवायला घेतली तर पाणी जेमतेम कोमट झालं असताना मोरपंखी रंग सगळा बाहेरच्या पदरांवर बसला, आतली लडी फिकीच. साध्या लोकरीवर मुळात एक तेलकट थर असतो, तो रंगाला चटकन आत शिरू देत नाही. क्लोरीनने तो निघून जातो. पण खऱ्या सुपरवॉशवरही रंग असाच घाईने चढतो, मग संशय यावा कशावरून? खरी खूण वेगळीच होती. ओली लडी उचलताना धागा बोटातच तट्‌कन तुटला. ओली लोकर थोडी कमजोर होते हे मान्य, पण इतकी? तुटलेला धागा बोटाला चिकटलेला होता आणि मी पुढची लडी पातेल्यात सोडली. त्या क्षणाची चीड अजून जात नाही.

पहिल्याच धुण्यात बाळांच्या स्वेटरांचा रंग सुटला, पांढऱ्या गळ्यांवर निळे डाग पडले. काही स्वेटर आटले, काही तसेच राहिले. क्लोरीन सगळीकडे सारखा लागला नव्हता, दुसरं काय! आणि जाळून बघायच्या परीक्षेवर इथे विसंबू नका. ही लोकरच आहे, केस जळल्याचाच वास येणार. त्या परीक्षेत अॅक्रिलिक सापडतं, खराब केलेली लोकर नाही.

पोलीस ठाण्यात सांगितलं, “मॅडम, हे दिवाणी प्रकरण आहे.” ग्राहक तक्रारीच्या फोनवर सांगितलं, धंद्यासाठी माल घेतला म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. साफ चूक! स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहकाचाच धरतात. वाचून दाखवलं, तर “वरिष्ठांशी बोला.” वरिष्ठ कधी जागेवर नाहीत. मग व्यापाऱ्याने ‘माल योग्य आहे’ असं कळवलं आणि तक्रार निकाली! मला एका शब्दाने विचारलं नाही. ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही माझं मलाच शोधावं लागलं. पगार कशाचा घेतात ही माणसं?

बिलावर ‘सुपरवॉश मेरिनो’ असं स्पष्ट लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘वूलन यार्न’ आहे, आणि तो त्याच्याच आडून सुटू बघतोय. माल आला की आधी एकच लडी रंगवा, धुवा, ओली असताना ओढून बघा, मगच उरलेले पैसे द्या. तपासणी करायची तर ठाण्याला वूल रिसर्च असोसिएशन आहे. नमुना आणि आलेला माल दोन्ही द्या, म्हणजे फरक कागदावर येतो. तो व्यापारी आता हाच माल ‘बेबी सॉफ्ट’ नावाने विकतोय.