टाचणीच्या अळीचे शेपटीकडचे कल्ले: जिवंत पाहावेत की अल्कोहोलमध्ये?

तळ्यातून टाचणीच्या (चतुराच्या नात्यातल्या नाजूक कीटकाच्या) अळ्या आणलेल्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न पडला होता.

पांढऱ्या बशीतल्या पाण्यात जिवंत अळी भिंगाखाली धरली, की पोटाच्या टोकाची तीन पानांसारखी पाती, म्हणजेच हे कल्ले (मधले एक आणि बाजूंची दोन), स्पष्ट दिसतात आणि त्यांतल्या श्वासनलिका, आत हवा असल्यामुळे, रुपेरी धाग्यांसारख्या चमकतात. अल्कोहोलमध्ये ही हवा निघून जाऊन बारीक फाटे पुसट होतात आणि रंगही उतरतो. मात्र पात्याच्या कडेचे केस निश्चल नमुन्यातच निवांत मोजता येतात. जिवंत अळी तेवढी उसंत देत नाही.

पाती बुडाशी सहज तुटतात. जिवंत अळीत ती पुढच्या काती टाकताना पुन्हा येतात, पण आखूड असतात (असे आखूड पाते पाहून निराळी जात समजू नये). नमुन्यात तुटलेले पाते तुटलेलेच राहते.

खर्च दोन्हींत किरकोळ आहे. कष्ट जिवंत अळीचे अधिक, कारण तिला जिवंत भक्ष्य आणि स्वतंत्र भांडे लागते. एकत्र ठेवल्यास अळ्या एकमेकींना खातात. नमुन्याला सत्तर-ऐंशी टक्क्यांचे अल्कोहोल आणि घट्ट झाकण पुरते.

श्वसन समजून घ्यायचे असेल त्याने जिवंत अळी पाहावी. जात ओळखायची किंवा संग्रह करायचा असेल त्याने नमुना जतन करावा.