पहिला रेडिओ कोणता घ्यावा: फ्लायस्काय एफएस-आय६, रेडिओमास्टर पॉकेट, बॉक्सर आणि टीएक्स१६एस

रिमोटने उडवायचं फोमचं विमान आज ना उद्या आपटतंच. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि सर्व्हो (झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटर) काढून पुढच्या विमानात बसवता येतात, पण ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रेडिओ, अशी कितीतरी विमानं पाहतो. तरीही पहिला ट्रान्समीटर घेताना बहुतेक जण एवढंच विचारतात, ‘किती चॅनलचा?’ खरं तर आधी तीन गोष्टी विचारायला हव्यात: त्याचे रिसीव्हर (विमानात बसणारे, सिग्नल घेणारे भाग) इथे सहज मिळतात का, फेलसेफ (सिग्नल गेला तर विमानाने काय करायचं ते) कसा लावायचा आणि स्टिकखाली कोणता सेन्सर आहे.

चॅनलचा हिशेब सोपा आहे, एका हालचालीला एक. एलेरॉन (पंखांच्या टोकाकडच्या झडपा), एलेव्हेटर (शेपटीची आडवी झडप), थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर (शेपटीची उभी झडप) हे चार. दोन्ही एलेरॉनना स्वतंत्र सर्व्हो आणि स्वतंत्र चॅनल दिला तर पाच, फ्लॅप (सावकाश उतरायला पंखाच्या आतल्या बाजूच्या झडपा) असतील तर सहा. शिकाऊ विमानाला याहून जास्त लागत नाही. इथे बहुतेक जण मोड २ वर, म्हणजे डाव्या स्टिकवर थ्रॉटल ठेवून उडवतात. शिकवणाराही त्याच मोडचा असेल याची खात्री करून घ्या.

पुण्यात अभियांत्रिकीच्या एअरो टीमकडे फ्लायस्काय एफएस-आय६ हमखास दिसतो. सहा चॅनल, सोबत आयए६बी रिसीव्हर, चार एए सेल. शहरातल्याच रोबू.इन सारख्या दुकानाकडून फ्लायस्कायचा माल मिळतो आणि रिसीव्हर बिघडला तर दुसराही स्वस्तात येतो. कॉलेजचा एकच प्रोजेक्ट, एकच विमान आणि हात राखून बजेट असेल तर आय६ घ्यायला हरकत नाही. पण त्याच्या मर्यादा आधी माहीत हव्यात. स्टिकखाली पोटेन्शिओमीटर, म्हणजे ट्रॅकवर घासत फिरणारे सेन्सर, आहेत. घासून आणि धुळीने त्यांचा ट्रॅक खराब होतो, आणि मग स्टिक मध्यावर सोडली तरी सर्व्हो थरथरतो. उन्हाळ्यात मोकळ्या माळावर उडवणाऱ्यांना हे लवकर जाणवतं. सिम्युलेटर चालवायला मागच्या ट्रेनर पोर्टसाठी वेगळी केबल लागते. मेनूतला बदल सेव्ह करायला कॅन्सलचं बटण दाबून धरावं लागतं, नुसतं दाबलं तर बदल सेव्ह होत नाही. फेलसेफ लावलाय असं समजून मैदानावर येणाऱ्यांचा घोळ बहुधा इथेच झालेला असतो.

आय६ वर फेलसेफ असा लावायचा: विमान आणि रिसीव्हर चालू, प्रॉपेलर काढलेला. सिस्टिम, आरएक्स सेटअप, फेलसेफ, चॅनल ३. तो ऑन करायचा, थ्रॉटलची स्टिक पूर्ण खाली धरायची आणि कॅन्सल दाबून धरून सेव्ह करायचं. मग थ्रॉटल अर्ध्यावर नेऊन ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर लगेच थांबली पाहिजे. ती फिरतच राहिली तर ते विमान उडवायचं नाही. ही चाचणी कोणत्याही रेडिओवर, प्रत्येक नव्या विमानाला करायचीच.

रेडिओमास्टरचे तिन्ही रेडिओ एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालतात आणि तिन्हींत हॉल सेन्सरचे गिंबल (स्टिकची यंत्रणा) आहेत. चुंबकावर चालत असल्याने त्यात घासणारा ट्रॅकच नसतो. यूएसबी केबल लावली की संगणकाला रेडिओ जॉयस्टिक म्हणून दिसतो. जून ते सप्टेंबर पुण्यात उडवण्याचे दिवस मोजकेच मिळतात, तेव्हा सिम्युलेटरवर सराव चालू ठेवायला ही सोय फार मोलाची आहे. एजटीएक्स शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. इनपुट्स, मिक्सेस, आउटपुट्स या तीन पानांचा क्रम एकदा डोक्यात बसला की एलेव्हॉन, व्ही-टेल, फ्लॅपेरॉन असं झडपांचं कोणतंही मिश्रण बांधता येतं. एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणं) आणि रेट (हालचालीची कमाल मर्यादा) इनपुट्समध्ये लावायचे, सर्व्होची दिशा आणि टोकं आउटपुट्समध्ये. हे उलटसुलट केलं की नंतर ट्रिम कुठे बिघडलं ते सापडत नाही.

पॉकेट छोटा, हलका आणि या तिघांत सगळ्यात स्वस्त आहे. अंगठ्याने स्टिक चालवणाऱ्याला उत्तम. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्टिक धरणाऱ्याला त्याचं अंग लहान पडतं, आणि विमान सावकाश, नेमकं उडवायला चिमूटच बरी. म्हणून फक्त विमानं उडवणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे घालून बॉक्सर घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. टीएक्स१६एसला मोठा टचस्क्रीन आणि भरपूर स्विचेस आहेत, पण किंमत आय६ च्या तिप्पट-चौपट होते आणि गळ्यात पट्टा घातल्याशिवाय तो पेलवत नाही. ग्लायडरला फ्लॅप आणि क्रो ब्रेकिंग (एलेरॉन वर, फ्लॅप खाली करून वेग मारणं) लावणाऱ्याला तो शोभतो, पहिल्या विमानाला नाही.

आता महत्त्वाचा निर्णय आतल्या मॉड्यूलचा, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या भागाचा. बॉक्सर किंवा टीएक्स१६एसमध्ये ४-इन-१ मल्टिप्रोटोकॉल (अनेक कंपन्यांच्या रिसीव्हरशी बोलणारं) घेतलं तर जुने फ्लायस्कायचे आयए६बी रिसीव्हर तसेच वापरता येतात. नव्याने सुरुवात करत असाल तर एक्सप्रेसएलआरएस, म्हणजे ईएलआरएस, २.४ गिगाहर्ट्झचं घ्या. पल्ला भरपूर आणि टेलिमेट्री (विमानाकडून रेडिओकडे परत येणारी माहिती) रिसीव्हरमध्येच. स्वस्त मिळतंय म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचं परदेशी मॉड्यूल आणू नका. आपल्याकडे तो पट्टा मोबाइल नेटवर्कच्या वारंवारितांवर जातो. २.४ गिगाहर्ट्झ मात्र परवानामुक्त आहे.

ईएलआरएस विमानात लावताना तीन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, रिसीव्हर सर्व्होच्या पिना असलेला पीडब्ल्यूएम हवा. ड्रोनसाठीच्या नखाएवढ्या रिसीव्हरला सर्व्हो थेट जोडता येत नाहीत. दुसरं, पाचवा चॅनल. ईएलआरएसमध्ये तो मोटर आर्म करण्यासाठी, म्हणजे सुरू व्हायला मोकळी करण्यासाठी, राखलेला आणि फक्त दोन स्थितींचा असतो. दुसरा एलेरॉन सवयीने पाचव्यावर टाकला की तो एकदम वर नाहीतर एकदम खाली जातो. तो सहाव्यावर किंवा पुढे न्या, आणि लुआ स्क्रिप्टमध्ये (रेडिओवरच्या ईएलआरएसच्या मेनूत) पॅकेट रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा सिग्नल जातो ते, १०० हर्ट्झ फुल ठेवा, म्हणजे पुढच्या चॅनलनाही पूर्ण रिझोल्यूशन मिळतं. ५०० हर्ट्झच्या मागे लागू नका. साधा अॅनालॉग सर्व्हो सेकंदाला पन्नासच वेळा आज्ञा घेतो. तिसरं, वायफाय. विमानाला बॅटरी आधी लावली आणि साधारण मिनिटभर ट्रान्समीटर चालू केला नाही तर रिसीव्हर वायफाय मोडमध्ये जातो आणि मग जोडलाच जात नाही. बॅटरी काढून परत लावायची. मुळात आधी ट्रान्समीटर, मग विमान, आणि बंद करताना उलट, हा नियम सगळ्याच रेडिओंना लागू आहे. याच वायफायच्या पानावर, १०.०.०.१ या पत्त्यावर, प्रत्येक पिनेचा चॅनल आणि फेलसेफ ठरवता येतो. रेडिओ आणि रिसीव्हरची आवृत्तीही जुळायला हवी. एकीकडे २ आणि दुसरीकडे ३ असेल तर बाइंड, म्हणजे दोघांची जोडणी, होणार नाही.

‘सिग्नल गेला आणि विमान पडलं’ असं सांगणाऱ्यांनी रेडिओला दोष देण्याआधी बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणारा भाग) तपासावा. ईएससीमधला साधा लिनिअर बीईसी थ्री-एस, म्हणजे तीन सेलच्या, बॅटरीचे १२.६ व्होल्ट ५ वर आणताना प्रत्येक अँपियरमागे साधारण साडेसात वॅट उष्णता करतो. चार सर्व्हो एकदम ओढले की व्होल्टेज घसरतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि विमान नाकावर जातं. रिसीव्हरच्या रिकाम्या पिनेवर मल्टिमीटर लावून सगळ्या स्टिक जोरात हलवा. आकडा साडेचारच्या खाली गेला तर स्विचिंग बीईसी बसवा, रेडिओ बदलून काही होणार नाही.

अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात क्षीण असतो. रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींना काटकोनात, कार्बनच्या नळीपासून आणि बॅटरीपासून लांब ठेवा. अँटेना न लावता रेडिओ चालू केला तर मॉड्यूल जळू शकतं.

बॉक्सर, पॉकेट आणि टीएक्स१६एस यांना १८६५० सेल चालतात, पण ते बहुधा वेगळे घ्यावे लागतात. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत असोत की ऑनलाइन, वर ९८०० एमएएच छापलेला सेल खोटा समजा. खऱ्या १८६५० ची मजल साडेतीन हजारांच्या आसपास संपते आणि वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतं. काटा असेल तर दुकानातच वजन करून घ्या. प्रोटेक्टेड सेल काही मिलिमीटर लांब असतो, ट्रेमध्ये कोंबू नका.

उडवायची जागा ठरवण्याआधी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) हवाई क्षेत्राचा नकाशा उघडा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे आणि खडकवासल्याला एनडीए ही सैनिकी प्रबोधिनी, त्यामुळे शहराचा मोठा भाग निर्बंधात येतो. आणि मॉडेल विमान, ड्रोन नियम २०२१ प्रमाणे, नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. मीटरभर पंखांचं विमान तीन-चारशे मीटरवर गेलं की ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय हेच कळत नाही, म्हणून खोक्यावर छापलेल्या किलोमीटरांसाठी जास्त पैसे मोजू नका. ते पैसे दुसऱ्या रिसीव्हरवर आणि चांगल्या बीईसीवर खर्च करा.