एजंटच्या हाती एस्क्यूलाइटचं शेल: चार महिन्यांचा अनुभव

आमचा एआय एजंट डेटाबेस तपासायला गेले चार महिने एकच साधन वापरतोय, एस्क्यूलाइटबरोबर (सगळा डेटा एकाच फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस) मिळणारं कमांड लाइन शेल, म्हणजे कमांड टाइप करून डेटाबेसशी बोलायचा प्रोग्राम. त्या एजंटसाठी साधनांची माहिती लिहून ठेवणं हे माझं काम. त्यामुळे हा रिव्ह्यू शेलचा तर आहेच, शिवाय त्याच्यासोबत जे टिपण द्यावं लागतं त्याचाही आहे.

आधी निकाल सांगते: साधन उत्तम आहे. एकच छोटा प्रोग्राम, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, उत्तर ताबडतोब. ‘.स्कीमा’ म्हटलं की टेबल ज्या वाक्याने तयार झालं ते वाक्यच समोर येतं, आणि एजंटला ते कुठल्याही तक्त्यापेक्षा चांगलं वाचता येतं. अडचण येते ती शेल गप्प बसतं तेव्हा.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी दिलेल्या पाथमध्ये (फाइलच्या पत्त्यात) फाइलचं नाव चुकलं होतं. शेलने हूं की चूं केलं नाही, कारण फाइल सापडली नाही तर नवा डेटाबेस हवा आहे असंच ते धरून चालतं. टेबलांची यादी देणाऱ्या ‘.टेबल्स’ला काहीच उत्तर आलं नाही. एजंटने शांतपणे कळवलं की डेटाबेस रिकामा आहे, आणि टेबलं नव्याने बनवायची स्क्रिप्टही पुढे केली. माझ्या जागी कुणीही असतं तरी लगेच खटकलं असतं, कालपर्यंत तर यात हजारो नोंदी होत्या! पण एजंटला कालचं काही आठवत नसतं. जे टिपणात लिहिलंय तेवढंच त्याला ठाऊक.

तेव्हापासून टिपणाची पहिली ओळ ठरलेली आहे: ‘रीडओन्ली’ (फक्त वाचा) पर्याय लावल्याशिवाय शेल उघडायचं नाही. लिहिण्याला आळा बसतोच, शिवाय फाइल जागेवर नसेल तर शेल ‘उघडता येत नाही’ असं स्पष्ट सांगून थांबतं. त्या एका ओळीने माझी निम्मी काळजी मिटली. तिच्याच जोडीला ‘सेफ’ पर्यायही हवा. तो २०२१ मध्ये ३.३७ आवृत्तीत आला. पुष्कळांचा समज असतो की ‘सेफ’ लावलं म्हणजे डेटा सुरक्षित. तसं नाही. शेलमधून ऑपरेटिंग सिस्टीमच्या कमांड चालवणं किंवा दुसऱ्या फाइलींना हात लावणं तो अडवतो, उघडलेल्या डेटाबेसमध्ये बदल करायला मात्र मोकळीक असते. म्हणून दोन्ही लावायचे, आणि का लावायचे तेही लिहायचं. कारण दिलं नाही तर एजंट अडला की सगळ्यात आधी हेच पर्याय काढून बघतो, हे मी दोनदा पाहिलंय.

आउटपुटसाठी ‘जेसन’ मोड वापरा, त्यात प्रत्येक किमतीसोबत रकान्याचं नाव येतं. नेहमीच्या मोडमध्ये रकाने उभ्या रेघेने वेगळे होतात, आणि नल (किंमतच नाही) व रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) दोन्ही सारखीच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. ‘फोन नंबर दिलाच नाही’ आणि ‘फोन नंबर कोरा भरला’ यांतला फरक जेसनमध्ये टिकतो. एक खोच मात्र आहे: एकही ओळ सापडली नाही तर माझ्याकडची आवृत्ती रिकामी यादीही छापत नाही, काहीच छापत नाही. टिपणात तेही घातलं: ‘आउटपुट नाही आणि एररही नाही, याचा अर्थ शून्य ओळी.’

टेबलातले कॉलम दाखवणारा ‘टेबल_इन्फो’ प्राग्मा (एस्क्यूलाइटची खास कमांड) सगळे शिकवतात, मी टिपणातून तो काढून टाकला. जनरेटेड कॉलम, म्हणजे इतर कॉलमांवरून आपोआप काढले जाणारे, तो दाखवत नाही. एजंटने एकदा ‘एकूण रक्कम’ हा कॉलम अस्तित्वातच नाही असं ठासून सांगितलं, तेव्हा हे कळलं. ‘टेबल_एक्सइन्फो’ सगळे कॉलम दाखवतो, तोच द्या. आणि कॉलमचा प्रकार इंटिजर लिहिलाय म्हणून आत आकडेच असतील असं नाही. स्ट्रिक्ट (प्रकार सक्तीने पाळणारं) टेबल नसेल तर मजकूरही बसतो. खात्री करायची तर किमतीचा खरा प्रकार सांगणाऱ्या ‘टाइपऑफ’ने मोजून बघायला सांगा.

क्वेरी प्लॅनबद्दल (डेटाबेस उत्तर कसं शोधणार त्याचा आराखडा) थोडक्यात: ‘स्कॅन’ (सगळं टेबल चाळणं) आणि ‘सर्च’ (नेमक्या ओळी गाठणं) यांतला फरक एजंट छान समजावतो, पण त्या आउटपुटवर स्क्रिप्ट बेतू देऊ नका. त्याची मांडणी पुढच्या आवृत्तीत बदलू शकते, असं एस्क्यूलाइटच्या दस्तऐवजातच नमूद आहे.

एकाच फाइलमधला डेटा असेल तर मी हे शेल डोळे झाकून सुचवेन. टिपण मात्र स्वतः लिहा, आणि एजंटला द्यायच्या आधी एकदा मुद्दाम चुकीचा पाथ देऊन बघा.