बाथरूमचा ग्रॅब बार: स्टीलचा आणि स्क्रूवालाच घ्या

घरात सत्तरीपुढचं कोणी असेल आणि बाथरूममध्ये आधाराला दांडा नसेल तर आधी तो लावून घ्या, सेन्सरचे दिवे, पलंगाजवळची बेल वगैरे नंतर बघता येतं. आमची आई स्टुलावर बसून आंघोळ करते, गुडघे गेलेत, बीपीची गोळी चालू आहे त्यामुळे पटकन उठलं की गरगरतं, आणि उठताना तिचा एक हात नळावर आणि दुसरा टॉवेल रॉडवर. अहो तो रॉड टॉवेल वाळवायला असतो, बारीक स्क्रूवर टांगलेला, पण कितीतरी घरांत म्हातारी माणसं त्यालाच धरून उठतात. या वयात खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, आणि पुढे चालणं पहिल्यासारखं होईलच असं नाही.

आम्ही घेतला तो 18 इंची, 304 ग्रेडचा स्टेनलेस स्टील, सव्वा इंच जाड, मधे खरखरीत पट्टा असलेला. पुण्यात बोहरी आळीतल्या एका दुकानातून घेतला, सातशेच्या आसपास पडला. दुकानदार काका चांगले निघाले, गुळगुळीत चकचकीत बार दिसायला भारी होता तर म्हणाले साबणाच्या हाताने धरून बघा, मग ठरवा. भिंत आणि बार यांच्यात दीड इंच जागा आहे, ती बरोबर आहे, मूठ नीट बसते पण हात कोपरापर्यंत आत घुसून अडकत नाही. लोहचुंबक लावून ग्रेड ओळखा असं बरेच जण सांगतात, पण स्वस्तातल्या 202 लासुद्धा चुंबक चिकटत नाही, तेव्हा बिलावर 304 लिहून घ्या. बोअरचं पाणी असेल तर 202 लवकर गंजतो.

त्याआधी भावाने ऑनलाइन व्हॅक्यूमवाला पाठवला होता, टाइलला चिकटवायचा, ड्रिल नको काही नको. तो एकदम गुळगुळीत टाइलवरच धरतो, मॅट टाइल असेल किंवा त्याचा चिकटणारा रबरी कप टाइलच्या जोडावर आला की हवा हळूहळू आत जाते आणि बाहेरून बघून काही कळत नाही. आमचा रात्रीतून आपोआप खाली पडला, नशीब तेव्हा कोणी धरलेला नव्हता. म्हाताऱ्या माणसाला याच्या भरवशावर सोडू नका, कळकळीने सांगते.

आता फिटिंग, खरी मेख इथेच आहे. बार कुठे लावायचा हे प्लंबरला विचारू नका, ज्याला लावायचाय त्याला विचारा. आम्ही आईला कोरड्या बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, उठायला सांगितलं आणि तिचा हात जिथे गेला तिथे टाइलवर तिचीच टिकली चिकटवली. प्लंबर सरळ आडवा लावणार होता, पण टिकली बरीच खाली आली म्हणून मग तिरका लावला, खालच्या टोकाला धरून उठायचं आणि उभं राहिल्यावर वरचं टोक हाताशी.

प्लंबर मात्र जाणता होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टाइल ठोकून बघितली, एक पोकळ वाजली तर ती सोडून बाजूला सरकला. गीझरचा पाइप भिंतीतून कुठून जातो ते विचारलं. टाइलवर चिकटपट्टी लावली म्हणजे ड्रिल घसरत नाही, टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारा मोड, बंद, मग पुढे विटेत चालू. बॉक्समधले स्क्रू त्याने फेकूनच दिले, कारण टाइल आणि तिच्यामागचा माल यातच जवळजवळ इंचभर जातो, छोटा स्क्रू विटेपर्यंत पोचतच नाही. लांब स्टीलचे स्क्रू, नायलॉनचे प्लग, भोकात सिलिकॉन. शेवटी स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवलं, तेव्हा पैसे दिले. अमेरिकेत नियमच आहे की असा बार 250 पौंड म्हणजे साधारण 113 किलो भार पेलू शकला पाहिजे, आपल्याकडे निदान प्लंबरला लोंबकळायला तरी सांगा.

तुमची बिल्डिंग नवी असेल आणि भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या, असतील तर साध्या प्लगवर जाऊ नका, तो ब्लॉक भुसभुशीत, भोक मोठं होत जातं. तिथे केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून पक्का बसवायचा बोल्ट, लागतो, खर्च वाढेल पण करा.

तक्रार एकच, दोन्ही टोकांच्या झाकणवाट्या सैल होऊन खडखडतात, मजबुतीला काही होत नाही पण आई दचकते. सिलिकॉनचा ठिपका लावला की बसतात.

आता कमोडजवळ दुसरा लावणार आहोत, आणि त्याच दिवशी आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच बसवायला सांगितलंय.